नांदायचा दावा

बहरीनच्या राजधानीत, मनाम्यात, ज्या वकिली कंपनीत मी सेक्रेटरी आहे, तिथं दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आमचे साहेब नव्या पोरापोरींना इंग्लंडच्या कायद्याचा इतिहास ऐकवतात. साहेब इंग्रज आहेत, साठी उलटलेले. प्रोजेक्टर मला लावावा लागतो, म्हणून मीही तिथंच बसून असते. इतक्या वर्षांत ते कीर्तन मला तोंडपाठ झालं आहे.

राजाचे न्यायाधीश घोड्यावर बसून गावोगाव फिरायचे. इथली रीत काय, तिथली रीत काय, हे जाणत्या लोकांना विचारायचे. लंडनला परतले की आपसांत बोलायचे, आणि या गावागावांच्या रीतींतून त्यांनी सगळ्या देशाला चालेल असा एक सामायिक कायदा बनवला. म्हणून तो कॉमन लॉ. तो कुणी एकानं बसून लिहिला नाही. एका खटल्यात जे ठरलं, ते पुढच्या खटल्यालाही बंधनकारक धरायचं, असं करत शेकडो वर्षं तो वाढत गेला आणि जहाजात बसून जगभर पोचला. आज बहरीनच्या दोन कंपन्या आपसांत करार करतात आणि खाली लिहितात, याला इंग्लंडचा कायदा लागू राहील. हे सांगताना साहेब चष्मा काढून पुसतात.

माझं डोकं फिरतं. या गोष्टीला आमच्या भाषेत पायंडा म्हणतात, आणि पायंडा काय चीज असते हे मला कुणी शिकवायला नको. जुनं चालत आलंय ते चालू द्या, असं गावानं ठरवलं म्हणूनच माझा आजोबा वेशीबाहेर जन्मला. जाणत्या लोकांना विचारून केलेला कायदा म्हणे! ते जाणते कोण होते आणि कुणाला कुणी विचारलंच नाही, हे साहेबांच्या स्लाइडवर नसतं. आम्ही लिहिलेल्या कायद्याची माणसं. तो लिहिला गेला तेव्हा आम्ही माणसांत आलो. पण हे साहेबांना कोण सांगणार? मी प्रोजेक्टर बंद करते, उष्टे कप उचलते आणि गप्प बसते.

गप्प बसणं संपलं ते माझ्या बहिणीच्या कागदामुळं.

बहीण माझ्याहून धाकटी, नर्स. नवऱ्याला सोडून ती बहरीनला आली, इथल्या एका खासगी हॉस्पिटलात लागली आणि मनाम्याजवळ जिदहफ्सला माझ्याच फ्लॅटमध्ये राहू लागली. नवरा तिकडं विदर्भात, आमच्याच जिल्ह्यात. दारू पीत नव्हता, शिवी देत नव्हता, चारचौघांत फार गोड बोलायचा. फक्त तिची नाइट ड्यूटी असली की संध्याकाळी बाहेरून कडी घालून निघून जायचा. ती आतून दार बडवायची. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे. सकाळी तो येऊन कडी काढायचा आणि चहा मागायचा. ड्यूटी चुकली म्हणून हॉस्पिटलातून मेमो आले, शेवटी नोकरी गेली. तेव्हा ती निघाली.

एका शुक्रवारी आईचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, मागोमाग आवाज. आमची आई वऱ्हाडी बोलते, आणि चिडली की भराभर बोलते.

"कोर्टाचा कागद आला व माय. नांदाले ये म्हन्ते. आता त कोर्टानंच सांगतलं. जा लागनच ना तिले."

मी फोटो मोठा करून पाहिला. कोर्टानं काहीच सांगितलेलं नव्हतं. तो नवऱ्यानं लावलेला दावा होता, कोर्टानं फक्त समन्स धाडलं होतं. इंग्रजीत लांबलचक नाव, मराठीत वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. पण आमच्याकडं त्याला कुणी तसं म्हणत नाही. वकील, कारकून, पक्षकार, सगळे म्हणतात नांदायचा दावा. आई फसली ती या एका शब्दाला. नांदणं म्हटलं की आमच्या बायकांपुढं दुसरा रस्ताच उरत नाही. लग्नात आशीर्वाद असतो नांदा सौख्यभरे, माहेरी चार दिवस जास्त राहिली की बाया विचारतात, पोरगी नांदते ना? आता तोच शब्द शिक्का मारून कोर्टातून आला होता. आईला वाटलं, सरकारचंही तेच म्हणणं आहे.

मी फोनवर समजावलं, तर म्हणाली, "तू लय शिकली. कोर्टापेक्षा जास्त शिकली काय?"

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, मी तो कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मदत मागायला गेले होते, हे कबूल करते. साहेबांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा असा फुलला की जणू जुन्या बाजारात त्यांना हरवलेलं घड्याळ सापडलं.

"हे तुमच्याकडं अजून आहे?" ते इंग्रजीत म्हणाले. "आम्ही तर हे मी शाळेत असतानाच रद्द केलं!"

मग त्यांना राहवेना. काटेकोर बोलायचं तर हा कॉमन लॉ नव्हेच, म्हणाले, हा चर्चच्या कोर्टातला दावा. आमच्याकडं लग्नाचे तंटे पूर्वी बिशप लोक सोडवायचे. बायको घर सोडून गेली की तिला परत आणायचा हा त्यांचा उपाय. पुढं तो साध्या कोर्टांकडं आला, तिथून आमच्या न्यायाधीशांनी तो हिंदुस्थानात नेला आणि दिवाणी कोर्टात रुजवला. आमच्याकडं आधी त्यातली तुरुंगाची शिक्षा गेली, मग दावाच गेला. आणि गंमत सांगू का, इथं बहरीनमध्येसुद्धा एके काळी आमच्या अधिकाऱ्याच्या कोर्टात हिंदुस्थानचेच कायदे चालायचे, हा जणू मुंबई इलाख्यातला एक जिल्हा असल्यासारखे. त्या काळी तुमच्या बहिणीला हा दावा इथंही गाठू शकला असता!

ते हसले. मी हसले नाही.

आमच्या घराण्यानं एक धर्म सोडला. तो सोडायला किती पिढ्यांची हाडं झिजली ते आम्हांला ठाऊक. आमची लग्नं त्रिशरण-पंचशील घेऊन लागतात, होम नाही की सप्तपदी नाही. तरी कायद्याच्या कागदावर बौद्धांचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालीच धरतात. तेवढं कमी होतं म्हणून आता कळलं की त्या कायद्याच्या पोटात इंग्रज पाद्र्यांचा कायदा बसला आहे. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

मी म्हणाले, "सर, जाताना तुम्ही आमच्याकडून एवढं काय काय नेलंत, हे का नाही नेलं? आमच्या घरात ठेवलंत आणि आपल्या घरी जाऊन आपलं तेवढं फेकून दिलंत."

केबिनमध्ये असं कुणी बोलत नाही. साहेब लाल झाले, पण आवाज चढवला नाही. इंग्रज माणसाला राग आला की तो जास्त सभ्य होतो.

"आम्ही गेल्यानंतर तुमच्या संसदेनं नवा कायदा केला," ते म्हणाले. "त्यात ही तरतूद त्यांनी स्वतःच्या हातानं घातली. आमचं कुणी तेव्हा तिथं बसलेलं नव्हतं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला ते जास्त झोंबलं. आपल्या लोकांना बिशपचं हे औषध चांगलंच मानवलं होतं. बाई परत नेण्याचा मामला असला की परका कायदा आपल्याला परका वाटत नाही. त्या दिवशी मी साहेबांवर जेवढी चिडले, तेवढीच आपल्या लोकांवर, खरं तर त्यांचा मला जास्तच राग आला, कारण ते आपले होते.

गावाकडं आम्ही एक वकीलबाई धरल्या. त्यांनी फोनवर सरळ सांगितलं, "लढूच नका. त्याला हुकूमनामा मिळू द्या. कोर्ट काही पोलीस पाठवून बाईला उचलून नेत नाही. वर्षभर ती गेली नाही, तर त्याच हुकूमनाम्यावर तिलाही घटस्फोट मागता येतो. हरली की सुटली."

मी तर टाळीच वाजवली. हा कायदाच मुळात वाकडा, तर त्यातून वाकडंच निघावं, त्यात काय? रात्रीची भांडी घासत असलेल्या बहिणीला मी ते ऐकवलं. तिनं नळ बंद केला.

"हुकूमनाम्यात काय लिहितीन ते?"

मी सांगितलं. लिहितील की पत्नी वाजवी कारणाशिवाय पतीला सोडून गेली.

"म्हंजे कडी नवतीच?"

"अगं, कागदावर काही लिहू देत. तुला मोकळं व्हायचंय ना?"

"मले मोकळं व्हाचं आहे, पण खोटी ठरून नाही, ताई. दार मी बडवलं. तू नवती आत."

मी खूप बोलले. अक्कल आहे का, म्हणाले. आयुष्यभर त्याच्या नावाला चिकटून राहशील, म्हणाले. तोरा घेऊन कोर्टात जाशील आणि हात हलवत येशील. तिनं पुन्हा नळ सोडला आणि एकच पातेलं घासत राहिली. दोन दिवस आम्ही एका फ्लॅटमध्ये राहून वेगवेगळ्या वेळी जेवलो. तिसऱ्या दिवशी तिनं वकीलबाईंना मेसेज केला, लढायचं आहे.

मधल्या तारखा वकीलबाईंनीच सांभाळल्या. नवऱ्याच्या उलटतपासणीची तारीख लागली तेव्हा बहिणीनं रजा काढली, मीही काढली. साहेबांनी रजेवर सही केली आणि म्हणाले, "काय होतं ते मला आल्यावर जरूर सांगा. फारच रंजक आहे." त्यांना म्हशीच्या शिंगांवर बसवून गावात फिरवावं असं मला वाटलं.

कोर्ट छोटं होतं. पंखा डुगडुगत होता, आणि आई मागच्या बाकावर पदर सावरून बसली होती. तिच्या मनात अजूनही हेच होतं की न्यायाधीश साहेब दोघांना समजावतील आणि संध्याकाळी पोरगी सासरी जाईल. नवरा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं देताना, तो फार छान बोलला. मला ती हवी आहे, मी तिला सुखानं नांदवीन, माझं तिच्याविषयी काही म्हणणं नाही. आई तर मान डोलवत होती.

मग वकीलबाई उठल्या. उलटतपासणीतल्या प्रश्नांना साक्षीदारानं काय म्हणायचं, ते ठरलेलं असतं. प्रश्न संपला की म्हणायचं, हे म्हणणं खोटं आहे. त्याच्या वकिलानं त्याला तेच पढवलं असणार. दोन-तीन प्रश्नांना त्यानं तसंच म्हटलं. मग वकीलबाईंनी विचारलं, "तुमच्या पत्नीची रात्रपाळी असायची तेव्हा तुम्ही घराला बाहेरून कडी घालून जात होता, हे खरं आहे का?"

त्याचा वकील खुर्चीत पुढं सरकला. पण नवऱ्याला तो प्रश्न आरोप वाटलाच नाही. त्याला वाटलं, आपल्या चांगुलपणाबद्दल विचारतायत.

"हो, घालत होतो ना," तो छाती काढून म्हणाला. "जवान बाई रातच्या टायमाले घराबाहेर जाते, नवऱ्याले काळजी नाही काय? आमच्या घरी पयल्यापासून तसंच चालत आलं. माह्या बापानं आईले तसंच ठेवलं. सांभाळून ठेवतो म्हनून कडी घालतो."

न्यायाधीशांनी मान वर केली. "आतमध्ये बाई असताना?"

"मंग, साहेब! रिकाम्या घराले कोन कडी घालते?"

टायपिस्टनं ते सगळं जसंच्या तसं उतरवलं. आईनं पदर तोंडाला लावला. ही गोष्ट बहिणीनं तिला कितीदा सांगितली होती, पण तिनं ती ऐकली ती त्या दिवशी, जावयाच्या तोंडून.

त्याचा वकील तयारीचा माणूस. त्यानं कोर्टाकडं थोडा वेळ मागितला, पक्षकाराला व्हरांड्यात नेलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुरसिस दिली, म्हणजे कोर्टाला द्यायची लेखी चिठ्ठी. दावा पुढं चालवायचा नाही, काढून घेतो. न्यायाधीशांनी तशी नोंद केली आणि दावा निकाली निघाला. हरलेला हुकूमनामा नाही, जिंकलेलाही नाही. वर्षभर वाट बघून ज्यावर घटस्फोट मागायचा, तो कागदच आता उरला नव्हता. आईनं बहिणीचा हात धरला आणि रडत म्हणाली, "जिंकली व माही पोरगी."

व्हरांड्यात तो आमच्यासमोरून गेला. वकिलानं त्याला सगळं नीट समजावलेलं दिसत होतं, कारण चेहऱ्यावर हरल्यासारखं काही नव्हतं. बहिणीपाशी तो थांबला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "दावा काढला म्हनून काय झालं? बायको त माहीच हाये."

कायद्याचं तो बरोबर बोलला होता. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होते, वकीलबाईंनी माझा दंड धरला. बहिणीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिनं पर्समधून आपलं पेन काढलं.

"बाई, नवा वकालतनामा द्या," ती म्हणाली. "आता घटस्फोटाचा दावा मी लावते. माही रजा सोमवारी संपते."