काय देणार, बाय?

आमच्या पीटीच्या सिस्टर येण्याआधी त्यांचा वास यायचा. गुडघ्याला चोळायच्या मलमाचा, नाकात शिरणारा, झणझणीत वास. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, त्यामुळे पावलांचा आवाज शून्य. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तरी बाई अख्ख्या मैदानाला पाठीमागून गाठायच्या. ठाण्यातल्या आमच्या कॉन्व्हेंटच्या भिंतीशी आम्ही मुली तिखटमीठ लावून कैरी खात उभ्या असलो, की एकीचं नाक हलायचं आणि ती पुटपुटायची, "मेलो गं. आल्या."

हरणाऱ्या मुलींना त्यांची भीती नव्हती. त्यांना सिस्टर स्वतःच्या हातचं लिंबू सरबत द्यायच्या, पाठ थोपटायच्या. थरथर कापायची ती जिंकणारी. फीत छातीला लागली, टाळ्या पडल्या, की मागून तो वास यायचा, खांद्यावर हात पडायचा आणि कानाशी अगदी गोड आवाजात प्रश्न यायचा, "शाब्बास. काय देणार, बाय?"

चॅपलच्या बाहेर मारियामातेच्या गुहेपाशी एक मोठं खोकं असे. जिंकणारीने स्वतःची लाडकी वस्तू त्यात टाकायची. ती पुढे जिला हवी तिच्याकडे जायची. सिस्टर मूळच्या वसईच्या. त्या म्हणायच्या, "जिंकलेल्या हाताची मूठ आपोआप वळते. वेळेवर उघडली नाही तर तशीच राहते." हे त्या आमच्या मुठीकडे बघत म्हणायच्या, म्हणून जास्त भीती वाटायची. आमची कबड्डीची कॅप्टन एका अंतिम सामन्यात मुद्दाम बाद झाली, असा मला आजही दाट संशय आहे. तिच्या मामाने नुकतंच तिला दुबईचं घड्याळ आणलं होतं.

मी खाडीकाठच्या आगरी घरातली. दोनशे मीटरमध्ये आंतरशालेय पहिली आले, त्या दिवशी घरी प्रश्न मांडला. आईचं उत्तर तयार होतं, "त्यांच्या देवाला दे ना. पण जुनं दे." मी झाकण मोडलेली कंपासपेटी नेली. सिस्टरांनी ती उघडली, मिटली आणि माझ्या हातात परत ठेवली.

"ही साफसफाई झाली, बाय. देताना जे दुखत नाही, ते दान नाही." आणि त्यांनी खाली बघितलं. माझ्या पायात काकांनी आणलेले स्पाइक्स होते, तळाला खिळे असलेले लाल बूट. शाळेत तसे दुसऱ्या कुणाकडे नव्हते. माझ्यामागून दुसरी आलेली वंदना, रेल्वेच्या चाळीतली, अनवाणी धावायची. तिचा माझा पाय एकाच मापाचा होता. हे सिस्टरांना माहीत होतं, हे मलाही माहीत होतं.

"देते की, सिस्टर. फक्त कल्याणची शर्यत होऊ दे," मी म्हटलं.

"शर्यत झाल्यावर बूट कशाला लागतात?"

मी वाकून बुटांच्या नाड्या उगाच घट्ट केल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

त्या दोन शब्दांनी मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. पण बूट मी उशाशी घेऊन झोपले.

आता कल्याणची शर्यत. ही गोष्ट मी हळदीत, बारशांत, बँकेतल्या निरोपसमारंभांत, पदर खोचून, उभी राहून सांगत आले आहे. वंदना चार पावलं पुढे. लोक ओरडतायत. माझ्या तोंडाला फेस. आणि शेवटच्या वीस पावलांत मी अशी सुटले, अशी सुटले, की फीत तोडून थेट भेळवाल्याच्या गाडीवर! इथे मी हात फेकते. इथे टाळ्या पडतात. इथेच मी खाली बसते.

मी सुटले वगैरे काही नव्हते. त्या मैदानावर आदल्या आठवड्यात कुणाचा तरी मांडव होता. बांबू गेले होते, खिळे राहिले होते. शेवटच्या वीस पावलांत वंदनाच्या टाचेत एक खिळा शिरला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती वाकली. मी बाजूने गेले. माझ्याही बुटाखाली काहीतरी करकरलं, पण तळ जाड होता.

फीत तुटली आणि मागून तो वास आला. मी डोळे मिटले, खांदा आखडला. हात पडला नाही. वास माझ्या शेजारून पुढे गेला. डोळे उघडले तेव्हा सिस्टर दुखऱ्या गुडघ्यांवर मातीत बसल्या होत्या आणि वंदनाचा पाय त्यांच्या पांढऱ्या झग्यात होता. त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही. नंतरही कधीच नाही.

वंदनाचा पाय बरा झाला, पण ती परत मैदानावर आली नाही. जूनमध्ये सिस्टरांची बदली झाली. एका बॅगेनिशी रिक्षात बसल्या. मी फाटकाशी उभी होते, बूट दप्तरात होते. त्यांनी हात हलवला. मी दप्तर उघडलं नाही.

मागच्या डिसेंबरात कळलं, त्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या आश्रमात आहेत. मी बूट घेऊन गेले. त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. मांडीवरच्या बुटांचे गंजके खिळे त्यांनी एकेक करून चाचपले.

"थांबले होते मी," त्या म्हणाल्या. मग बूट माझ्याकडे सरकवले. "ने परत. आता कुठे दुखतंय तुला? साफसफाई."

मी उठायला गेले, तर आवाज आला, "तुझ्या वर्गातल्या मुली येतात इथे. कल्याणची गोष्ट फार रंगवून सांगतेस म्हणे."

"हो, सिस्टर."

"त्यात खिळा असतो?"

खोलीत मलमाचा तोच वास होता. इतक्या वर्षांनी तो हात माझ्या खांद्यावर पडला. हलका झाला होता, पण जागा तीच.

"जिंकलीस ना? मग काय देणार, बाय?"

माझ्याकडे फ्लॅट आहे, दागिने आहेत, खाडीकाठच्या जमिनीतला वाटा आहे. त्यातलं काहीही चाललं नसतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

परवा भाचीच्या हळदीत बायकांनी नेहमीसारखा गलका केला, "आत्या, कल्याणची सांग!" मी पदर खोचला, उभी राहिले आणि पहिल्यांदाच खिळ्यासकट सांगितली. टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी हळूच गाणी लावली.

दुखलं.