वेतवाल्यांचा गुरुवार

वेतवाल्यांचं मन कठोर आहे, असं आमच्या वन्सं मंडळीत सगळ्यांना सांगायच्या. कठोर म्हणे! त्या माणसाला गुरुवार हवा होता, बाकी काही नाही. पण वन्संना कोण सांगणार? त्या प्रार्थनेला बसल्या की देवालासुद्धा मध्ये बोलायची सोय नाही.

आमच्या चर्चची जुनी रीत आहे. जो अजून विश्वासात आलेला नाही, त्याच्या घरी दर गुरुवारी दोघींनी जायचं. बायबलमधलं वचन वाचायचं, प्रार्थना करायची, चहा दिला तर घ्यायचा. माझे मिस्टर गेले तेव्हा वन्संनी मला जोडीला ओढलं. "भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा चल माझ्याबरोबर," म्हणाल्या. सख्खी नणंद, नाही म्हणायची सोय नव्हती.

वेतवाले एकाच खोलीत राहायचे, तेच त्यांचं दुकान. खुर्च्यांच्या बैठका विणायचं काम. बादलीत वेत भिजत पडलेला आणि भिंतीशी लोकांच्या खुर्च्या एकावर एक चढवलेल्या, सगळ्या फाटक्या. पाहुण्याला बसवायचं कुठं? म्हणून बुधवारी काहीही करून दोन खुर्च्या विणून पुऱ्या करायचे. ज्यांच्या असतील त्यांना त्या शुक्रवारी मिळायच्या. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी शुक्रवारीच. स्वतः एका खोक्यावर बसायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. तिचा फोन यायचा, पण "जेवलात का?"च्या पुढे बापलेकीची गाडी सरकत नसे.

आम्ही गेलो की हा माणूस नुसता खुलायचा. दर गुरुवारी एक शंका तयार. देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर प्रार्थनेत पुन्हा सांगायचं कशाला? वन्सं घसा कोरडा पडेपर्यंत समजावायच्या. पुढच्या गुरुवारी नवी शंका हजर! आणि निघताना वन्संनी विचारलं, "मग, बाप्तिस्मा कधी?" की ते डोकं खाजवायचे. "अजून जरा अडतंय, ताई."

एकदा वन्सं चष्मा घरी विसरल्या. मी पुस्तकात जागा शोधतेय, तोवर वेतवाल्यांनी हातातलं काम न थांबवता अख्खा उतारा म्हणून टाकला. तोंडपाठ! वन्संना वाटलं, आपल्या मेहनतीचं फळ. त्या खुशीत जिना उतरू लागल्या. मला मात्र राहवेना, मी दारात थांबले.

"तुम्हाला सगळं पटलंय ना?"

"केव्हाच," ते म्हणाले. "रोज सकाळी प्रार्थना केल्याशिवाय मी वेताला हात लावत नाही."

"मग घोडं अडलंय कुठं?"

त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. खालच्या मजल्यावर एक शिंपी राहायचा. तो आमच्याच भेटींमुळे विश्वासात आला होता. "त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तुमचं त्याच्याकडे जाणं बंद झालं," वेतवाले म्हणाले. "अजून दर गुरुवारी तुमचा आवाज आला की तो दार उघडून बघतो. तुम्ही वर माझ्याकडे येता. मग तो दार लावून घेतो."

मी गुपचूप खाली उतरले. वन्संना यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

पण वन्संचाच धीर सुटला. एका गुरुवारी उठता उठता त्यांनी सांगून टाकलं, "हे बघा, आम्ही पुष्कळ वाट पाहिली. आता दुसऱ्या घरी जायचं ठरलंय." वेतवाल्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. त्यांनी हातातला वेत बादलीत सोडला. मग म्हणाले, "मी घेतो बाप्तिस्मा."

वन्संनी दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले. त्या चपला घालत होत्या तेवढ्यात मी हळूच विचारलं, "अहो, आता कशाला?"

"तुम्ही तर तसंही येणार नाही," ते म्हणाले. "मग देवाला तरी किती ताटकळत ठेवायचं?"

बाप्तिस्मा छान झाला. ओल्या डोक्यानं उभे राहून हा माणूस हमसाहमशी रडला, आणि ते रडणं अगदी खरं होतं, उगाच कोणी शंका काढू नये. सगळ्यांनी हात मिळवले, गीत म्हटलं. मग जो तो आपापल्या घरी जेवायला गेला. वेतवालेही गेले.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मी घरातली मोडकी खुर्ची विणायला घेऊन गेले. खोलीत नव्यानं विणलेल्या दोन खुर्च्या मांडून ठेवलेल्या. बाजूला धुतलेले कप, पालथे घातलेले. "सवय हो," ते ओशाळून म्हणाले आणि कप उचलून फळीवर ठेवले.

माझं डोकंच फिरलं. तडक वन्संचं घर गाठलं आणि तोंड सोडलं. "वन्सं, माणूस बाहेर होता तोवर त्याच्या घरी जात होतो. आत आला आणि आपण तोंड फिरवलं! हे कुठलं शुभवर्तमान?"

वन्सं भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं वहिनी, तो आता आपल्यातलाच झाला. आपल्या माणसाकडे कोण भेटीला जातं? मी येते का कधी तुझ्याकडे?"

नव्हत्या येत. दोन गल्ल्यांवर राहून भाऊ गेल्यापासून एकदाही नुसत्या बसायला आल्या नव्हत्या. मी तशीच घरी आले आणि दिवा न लावता बसून राहिले.

पुढे वेतवाल्यांनी चर्चच्या पाळकांना स्वतःहून विचारून भेटीचं काम मागून घेतलं. पाळक खूश झाले, हा नव्या विश्वासूचा आवेश म्हणाले. आता गुरुवारी आम्ही तिघं जाऊ लागलो. नवं घर एका बाईंचं होतं, जन्मभर तिकीटखिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या. आम्ही गेलो की त्यांनी चहाचं आधण आधीच ठेवलेलं असायचं, आणि निघालो की त्या दारापर्यंत यायच्या, मग जिन्यापर्यंत, मग रस्त्यापर्यंत.

थोड्याच भेटी झाल्या असतील. एका गुरुवारी बाईंनी हात जोडून सांगितलं, "मला पटलंय. या रविवारी बाप्तिस्मा घेतला तर चालेल?"

वन्संचा चेहरा उजळला. त्या तोंड उघडणार तोच वेतवाले म्हणाले, "घाई काय आहे, बाई? शंका काढा. पुष्कळ काढा."

"अहो, भलतंच काय सांगताय?" वन्संनी डोळे वटारले. "तुम्हीच असं बोलायचं?"

बाई गोंधळून आमच्या तोंडाकडे बघू लागल्या, आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी कप पुढे केला, आणखी थोडा चहा मागितला आणि म्हटलं, "मला तर वाटतं, वर्षभर तरी लागेल."