रव्याच्या ताटातली आई
रवा चाळायला घेतला की नारायणगुड्यातला आमचा बालवर्ग आठवतो. मी तिथे अक्षरओळखीचे कोपरे मांडले होते, एकीकडे चित्रांची पुस्तकं, एकीकडे अक्षरांचे पत्ते आणि खिडकीपाशी लिहायला रवा पसरलेलं ताट. घंटी वाजली की मुलं कोपरा बदलायची. आई वारल्यावर पंधरा दिवसांनी शाळेत आलेली एक मुलगी त्या ताटापाशी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं बोटानं ‘आई’ लिहिलं. तेवढ्यात घंटी झाली, आणि पुढच्या मुलासाठी मी सवयीनं ताट हलवून रवा सपाट केला. ती हळूच म्हणाली, "टीचर, आई कायकू पुसली?" मी तिला जवळ घेतलं, "चल, पुन्हा लिहू," म्हटलं, पण तिनं बोटं मुठीत घट्ट मिटून घेतली. दिवाळीनंतर वडिलांनी तिला गावी आजीकडे ठेवलं. इतकी वर्षं शिकवतेय, पण तिला काय सांगायला हवं होतं, ते मला आजही सुचत नाही.