बाईंच्या आईचा चेहरा

आमच्या चित्रकलेच्या बाईंना एका जागी बसवत नसे. महाडला त्यांच्या घरी रविवारी आम्ही काहीजण चेहरे रंगवायला शिकत असू, आणि पाठीमागे त्यांच्या सपाता सारख्या वाजत असत. मी पोलादपूरला कारकून, कापडे या माझ्या गावाहून एसटीने यायचो. तिशी उलटलेली, तरी बाई मागे थांबल्या की माझा कुंचला थांबायचा.

शिकायला चेहरा एकच. भिंतीवर त्यांच्या आईचं तैलचित्र होतं, वडिलांनी रंगवलेलं. आई बाईंच्या तान्हेपणीच गेलेली, फोटो एकही नव्हता. प्रत्येकाने आधी या चित्राची नक्कल करायची. "नाक काढू नकोस, नाकाखालची सावली काढ," म्हणत बाई माझी सकाळभराची मेहनत खोडून टाकायच्या. मग चुका उठून दिसाव्यात म्हणून नक्कल आरशात बघायच्या, मूळ चित्रापाशी जायच्या, परत यायच्या. समाधान म्हणून नाहीच.

पुराच्या वर्षी पाणी माळ्यापर्यंत चढलं. बाई शेजारच्या गच्चीवर वाचल्या. चित्र चिखलात सापडलं. हलक्या हाताने धुवायला घेतलं, तर मातीबरोबर रंगच सुटून आला. बाई रडल्या नाहीत. ओल्या खोलीत नुसत्या फेऱ्या घालत राहिल्या.

मग आम्ही आपापल्या नकला आणून त्यांच्यापुढे मांडल्या. घर साफ करायला माझी आई आली होती. माझं चित्र बघून ती म्हणाली, "बाई, ही तं माझ्यावानी दिसते. तुमची आय नाय ही."

खरंच होतं. बाईंनी सगळी चित्रं पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, "प्रत्येकाने आपलंच माणूस काढलंय. घेऊन जा."

त्यानंतर वर्ग भरला नाही. जन्मभर पाहिलेला चेहरा त्या आठवून काढू बघायच्या. दोन रेघा मारल्या की उठायच्या, कागद फाडायच्या, पुन्हा बसायच्या. घराची ओल काही हटेना, तेव्हा रत्नागिरीच्या भाच्याने त्यांना कायमचं बोलावून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, नक्कल घेऊन ये म्हणून. दुसऱ्या दिवशी रिक्षाने मी त्यांना वीर स्टेशनवर नेलं. गाडी दिसू लागली तसं त्यांनी चित्रावरचं कापड बाजूला केलं आणि एकटक पाहिलं. मी संकोचून म्हटलं, "बाई, ही तुमच्या आईसारखी नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण आईसारखी आहे."