ग्वाल्हेरच्या रमन्यातले चौकोन

पुण्याहून गाडी सुटली तेव्हाच माझी खात्री झाली होती की परांजपे साहेब खोटं बोलतायत. गवत बघायला म्हणे ग्वाल्हेरला जायचं! गवत काय वाईला मिळत नाही? मी तर गवत खाऊनच वाढलो, असं माझा बाप चारचौघांत सांगायचा.

साहेब कॉलेजात झाडापाल्याचं शिकवायचे. सामान उचलायला आणि खुंट्या ठोकायला त्यांना माणूस हवा होता. "वाचता येतं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, "बरं झालं." तिथेच पाल चुकचुकली. बरं काय झालं त्यात? (हे सगळं मी बोलतोय आणि आमच्या आळीतले मास्तर उतरवून घेतायत. चूक सापडली तर त्यांची.)

गाडीत साहेबांनी समजावून सांगितलं. संस्थान होतं तोवर शहराबाहेर दरबाराचा रमना (शिकारीसाठी राखलेलं रान) होता. तिथे गाय शिरली की मालकाला दंड. आता संस्थान गेलं, रान मोकळं झालं, आणि गुरं आत शिरली. "गणपा, कुठलं गवत जातं, कुठलं टिकतं, नवं कुठलं येतं, ते मला बघायचंय."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, सोनं. राजे लोक सोनं पुरतात हे शेंबडं पोरही जाणतं.

या विचारात मी झाशीलाच खुंट्यांचं पोतं घेऊन उतरलो. साहेब खिडकीतून ओरडत होते, आणि मी त्यांना हात हलवून निरोप देत होतो. गाडी हलली तेव्हा कळलं. एका हमालाने आधी पोतं आत फेकलं, मग मला.

ग्वाल्हेरला उतरल्यावर पहिला दिसला तो किल्ला. डोंगरावर ताणून झोपल्यासारखा. दुसरे दिसले रावजी. पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, टांग्याला तांबडी घोडी. मी मोडकं हिंदी जुळवत होतो तेवढ्यात ते म्हणाले, "मराठीत बोला हो. आम्ही पण तिकडचेच. पणजोबा आले होते फौजेबरोबर." स्वतः रावजी दरबारच्या रिसाल्यात स्वार होते. रिसाला मोडला, तेव्हा त्यांच्याकडे ही घोडी, लाली, तेवढी राहिली.

"पोत्यात काय?"

"खुंट्या."

"कशाला?"

"गवत मोजायला," साहेब म्हणाले.

रावजींनी मागे वळून आम्हा दोघांकडे बघितलं. "अच्छा," म्हणाले. ते 'अच्छा' माधवगंजापर्यंत आमच्याबरोबर टांग्यात बसून आलं.

माधवगंजात साहेबांच्या ओळखीच्या नानांकडे उतरायचं होतं. नाना दरबारच्या कचेरीत कारकून होते. आता कचेऱ्या गाठोडी बांधून बसलेल्या, कारण नवं मोठं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार. कुठलं दफ्तर कुठे जाईल आणि कुठली जमीन कुणाची राहील, ते देवाला ठाऊक. नानांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, बेडई (उडदाचं सारण भरलेली पुरी) आणि वर जलेबी वाढली. मी बेडईला साधी पुरी समजून हात मोकळा सोडला. दुसरा दिवस माझा परसात गेला.

"घेऊन घ्या अजून," काकू म्हणाल्या, आणि मग हळूच, "वैसे, साहेब कुणाकडून आलेत? दिल्लीहून का भोपाळहून?"

"पुण्याहून."

"ते तर सांगायचं झालं हो. खरं सांगा."

रमना टांग्याने तासाभराच्या वाटेवर. श्रावण सरत आला होता. एका अंगाला भरके (पावसाने खाल्लेल्या मातीच्या घळी), दुसऱ्या अंगाला गवत. दिसायला हिरवं, पण गुरांनी जमिनीसरसं करून टाकलेलं. साहेबांनी एक जागा निवडली. मी खुंट्या ठोकल्या. पहिली अंगठ्यावर, बाकीच्या जमिनीत. दोरी बांधून चौकोन केला, भोवती बाभळीच्या फांद्या टाकल्या. आतलं राखायचं, बाहेरचं गुरांना. दिवाळीपर्यंत दोन्हींत काय फरक पडतो ते बघायचं.

साहेब गुडघ्यांवर बसून एकेक पात बोटांत धरायचे आणि कागदावर लिहायचे. मी शेजारी बसून सोन्याचा वास घ्यायचो. रावजी जरा लांब विळ्याने लालीचा दिवसाचा भारा कापायचे. गवत बाजारात घ्यावं तर टांग्याची कमाई त्यातच जायची. रमना मोकळा झाल्यापासून ती घोडी त्यावरच जगत होती.

पाटणकर बाजारात मी तंबाखू आणायला गेलो की लोक गोळा व्हायचे. "क्यों भैया, साहब क्या नाप रहे हैं?" मी खरं सांगायचो. गवत. ते एकमेकांकडे बघून हसायचे. एक कापडवाला म्हणाला, "घास नापने पूना से आया है? हमें घास चराता है?" मी शपथ घेतली. शपथ ऐकल्यावर तर त्यांचा संशय पक्काच झाला.

मग साहेबांना शिवपुरीकडचं रान बघायचं होतं. आम्ही थोडे दिवस तिकडे गेलो. परत आलो, रमन्यात पोचलो, आणि साहेब टांग्यातून उतरता उतरता थांबले.

सगळा रमना चौकोनांनी भरला होता. जिकडे बघावं तिकडे खुंट्या. बिर्ला नगरच्या गिरणीवाल्यांनी खाटेचे पाय ठोकले होते. कापडवाल्याच्या खुंट्यांना लाल रंग, आणि राखायला एक माणूस. एका चौकोनाला हळदकुंकू वाहिलेलं होतं. ते नानांचं.

"हे काय?" साहेब मला म्हणाले.

रावजीच बोलले. "साहेब, आता तरी लपवू नका. नवं सरकार जमिनी वाटणार, ज्याची खुंटी त्याची जमीन, ही बात गावभर झाली. तुम्ही पहिली ठोकलीत, बाकीच्यांनी मागून."

आता माझं सांगतो. त्याच संध्याकाळी मी साहेबांच्या पोत्यातल्या उरलेल्या खुंट्या घेतल्या आणि त्यांच्या चौकोनाला लागून माझा एक चौकोन मारला. माझं घर वाईला. ग्वाल्हेरात जमीन घेऊन मी काय लावणार होतो? पण एवढं गाव खोटं बोलेल का? म्हणजे साहेबांनी माझ्यापासूनच लपवलं होतं!

गवत मात्र वाढलं. जो तो आपला चौकोन राखू लागला आणि दुसऱ्याच्या चौकोनाकडे बघत बसला. गुरं आत येईनात. गुडघ्याएवढं झालं, कमरेएवढं झालं. आणि साहेब डोकं धरून बसले. "अरे, चरलेलं गवत कुठेय? कशाशी ताडून बघू?"

रावजी विळा घेऊन एका चौकोनाकडून दुसऱ्याकडे फिरत होते. कापडवाल्याच्या माणसाने काठी उगारली. नाना म्हणाले, "रावजी, तुम्ही घरचेच, पण एकाला दिलं तर कब्जा जातो." लालीच्या बरगड्या दिसायला लागल्या. किल्ल्याच्या चढावर ती उभी राहिली ती राहिलीच, उतारू उतरून पायी गेले. रावजी माझ्या चौकोनाशी आले. मी आभाळाकडे बघितलं. माणसाला लाज वाटली की आभाळ फार बघावंसं वाटतं.

शेवटी ते साहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, एक भारा."

"रावजी, यातलं नाही. हे दिवाळीपर्यंत राहायलाच हवं. नाहीतर माझं सगळं काम..."

"सगळे हेच सांगतात," रावजी म्हणाले. रागावले नाहीत. विळा कमरेला खोचला आणि लालीला हाताने धरून चालत निघाले. टांग्यात बसलेसुद्धा नाहीत.

रात्री साहेब जेवले नाहीत. काकूंनी माझ्याकडे संशयाने बघितलं. साहेबांच्या वाटच्या पोळ्या मी खाल्ल्या होत्या, पण ते कारण नव्हतं.

सकाळी रमन्यात सगळ्यांसमोर साहेबांनी बाभळीच्या फांद्या बाजूला ओढल्या, दोरी सोडली, आणि खुंट्या स्वतःच्या हाताने उपटल्या. मग रावजींना म्हणाले, "सोडा तिला आत."

लाली आत शिरली. मान खाली घातली आणि ओरबाडून खायला लागली. साहेब तिच्या तोंडाशी उभे राहून हळूच नावं घेत होते. "हा पवन्या. ही मारवेल. ही कुसळी... ही इथे नव्हती आधी." ती खात होती, आणि ते एकेका घासाला नाव सांगत होते. रावजींनी तोंड दुसरीकडे केलं.

इकडे गर्दीत कुजबूज. "साहबने उखाड़ लिया! मतलब यहाँ कुछ नहीं है." कापडवाला म्हणाला, "दूसरी जगह मिल गई होगी उसे." दुपारपर्यंत निम्म्या खुंट्या निघाल्या. दोन दिवसांत नानांनीही हळदकुंकवासकट आपली काढली. माझी मी सगळ्यांत शेवटी काढली, कोण बघत नाही ते बघून. मग गुरं आली, रावजींचा विळा आला.

आम्ही निघालो तेव्हा स्टेशनवर दहाबारा माणसं हजर. साहेब आता कुठे उतरतात ते बघायला दोघं झाशीपर्यंत आमच्याच डब्यात होते.

"साहेब, काम फुकट गेलं," मी गाडीत म्हटलं.

"अर्धं गेलं. परत यावं लागेल."

"खुंट्या आणू?"

"तू दुसरं काही आण, पण खुंट्या नको."

तेव्हा कुठे मला पटलं की हा माणूस खरोखर गवतासाठीच आला होता. इतका लांबचा प्रवास करून मी एवढंच शिकलो.

घरी आल्यावर बायकोने माझ्या धोतरातून कुसळं वेचली आणि भिंतीकडेला फेकली. पुढच्या पावसात तिथे गवत आलं. ग्वाल्हेरचं की वाईचं, ते साहेबच जाणोत. मी रोज जाऊन बघायचो. एकदा शेजाऱ्याची बकरी शिरली. मी काठी उचलली. मग रावजी आठवले, आणि काठी खाली ठेवली. म्हटलं, खा बाई.

बकरीने गवताला तोंडही लावलं नाही. वाळत घातलेलं माझं धोतर खाल्लं.