कापसाच्या धुऱ्यावरचे तीन साक्षीदार

मंगळवार, सकाळी साडेदहा. महागावपासून चार किलोमीटरवर, रस्त्यालगतचं कापसाचं शेत. वेचणी सुरू. शेताच्या बांधावर, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत धुऱ्यावर, मी बसलेलो.

वेळ आणि ठिकाण मुद्दाम नोंदवतो. कारण पुढं जे झालं त्यात माझं बरोबर निघालेलं एवढंच आहे.

तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसानं आपल्याच हातानं आपलं नाक कसं कापून घ्यावं, ते ऐकायचं असेल तर चहा घ्या आणि बसा. हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्ये हसलात तर मी रागावतो. रागावणं हा माझा धंदाच आहे. यवतमाळात मला लोक ओळखतात ते बातम्यांमुळं नाही, भांडणांमुळं.

त्या दिवशीही मी भांडायलाच निघालो होतो. एका पुलाचं काम वर्षभर बंद का, हे ठेकेदाराला विचारायचं होतं. ठेकेदार नव्हता. पूलही जवळपास नव्हताच. भांडायला कोणीच न मिळाल्यानं मी तसाच भरलेला परत निघालो आणि रस्त्याकडेच्या शेतातून गाणं ऐकू आलं.

आता इथं थोडं मागं जावं लागेल. आठवड्यापूर्वी वणीच्या एका सांस्कृतिक मंडळाचं निमंत्रण आलं होतं. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला तस्नीम नावाच्या मुलीचा मंचावरचा पहिला कार्यक्रम. सात गाणी. शब्द तिचे, चाल तिची, गळाही तिचाच. सोबत फोनवर नमुन्याचं एक गाणं पाठवलं होतं. मी ऐकलं. चांगलं होतं. बातमी करू म्हणून ठेवून दिलं.

आणि मंगळवारी महागावच्या शेतात बायका कापूस वेचता वेचता तेच गाणं म्हणत होत्या.

कोयशाच्या धुयीनं बाई, झाकला माह्या रस्ता,
टावर दिसते दुरून, पन रेंजचा नाही पत्ता.

माझं रक्त उसळलं. वणी यवतमाळ जिल्ह्याच्या एका टोकाला, महागाव दुसऱ्या टोकाला. मध्ये अख्खा जिल्हा पसरलेला. जे गाणं दोन्ही टोकांना म्हटलं जातं ते एका पोरीचं कसं असेल? लोकांची गाणी उचलून त्यावर स्वतःचं नाव टाकणाऱ्यांविरुद्ध मी याआधी तीन लेखमाला लिहिल्या आहेत. वाचल्या नसतील तुम्ही. कोणीच वाचल्या नाहीत, तो वेगळा राग आहे.

मी धुऱ्यावर बसलो आणि रीतसर चौकशी सुरू केली. सगळ्यांत पुढच्या तासात, म्हणजे कापसाच्या ओळीत, शेवंताबाई नावाची साठीची बाई होती. गाणं रचलं कोणी, असं मी तिला विचारलं.

"माह्या मायचं हाय जी," ती बोंडावरची नजर न काढता म्हणाली. "माय कापूस येचे तवा म्हने."

मी वहीत लिहिलं. पण एका साक्षीदारावर बातमी करणारा मी नव्हे. दोन तास सोडून एक तरुण बाई वेचत होती, तिला विचारलं. ती म्हणाली, आजीकडून ऐकलं. तिच्यापलीकडची म्हणाली, आमच्या घरात पहिल्यापासून म्हणतात. तिघींच्या तीन वेगवेगळ्या जबान्या, तिन्ही जुळणाऱ्या. पत्रकारितेच्या वर्गात दोन साक्षीदार पुरे म्हणून शिकवतात. माझ्याकडे तीन होते. शिवाय तिघींनी मला पाणी दिलं आणि मी उठताना शेवंताबाईनं माझं नाव, गाव, पेपर सगळं नीट विचारून घेतलं. किती जागरूक बाई, असं मनात आलं. हेही नोंदवतो.

तुम्ही म्हणाल, अहो, पण टॉवर? रेंज? शेवंताबाईची आई गेली तेव्हा गावात वीज तरी होती का?

हा प्रश्न मलाही पडला होता. दुर्दैवानं मी शिकलेला आहे. एम.ए.ला मला लोकसाहित्याचा पेपर होता. न शिकलेला माणूस इथंच थांबला असता. मी पुढं गेलो आणि लेखात स्पष्टीकरण दिलं: लोकगीत काळाबरोबर शब्द बदलत जातं, मूळ गाण्यात टॉवरच्या जागी देवळाचा कळस असला पाहिजे. आणि कोळसा? महागावच्या आसपास कोळशाचा खडासुद्धा नाही, खाणी सगळ्या वणीकडं. त्यावर मी लिहिलं की कोळसा हे इथल्या काळ्या मातीचं रूपक आहे.

डेस्कवर चौघांनी वाचलं. एकानंही विचारलं नाही. संपादक तर म्हणाले, रूपक झकास आहे.

शुक्रवारी लेख छापून आला. मथळा माझाच: 'कष्टकरी बायांचं गाणं पळवलं!' उद्गारचिन्हही माझंच.

दुपारी एकला फोन आला.

"काका, मी तस्नीम बोलून राह्यली, वणीहून. तुमचं वाचलं. दोन सवाल आहेत."

आवाजात राग नव्हता. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. रागावलेल्या माणसाशी मी दिवसभर भांडू शकतो. शांत माणसापुढं माझं काही चालत नाही. विचार म्हटलं.

"महागावात खान कुठं आहे कोयशाची?"

मी रूपकाचं सांगायला सुरुवात केली.

"बरं. आन शेवंताबाईच्या मायच्या टायमाले तो टावर कोनत्या कंपनीचा होता?"

मी वहीची पानं उलटू लागलो. तीस वर्षांत मंत्र्यासमोर अशी वही चाळली नव्हती.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. मंडळानं तासाभरापूर्वी तिचा रविवारचा कार्यक्रम रद्द केला होता. चोरीची गाणी आमच्या मंचावर नकोत, असा निरोप आला. "वर्षभर याच्यासाठीच धडपडून राह्यली होती काका," ती म्हणाली. आणि तेवढ्यावर फोन ठेवला.

शनिवारी सकाळची पहिली एस.टी. पकडून मी वणीला गेलो. खरं सांगतो, तेव्हाही मनाच्या एका कोपऱ्यात मी निर्दोष होतो. प्रत्यक्ष जाऊन पुरावा बघावा आणि मग ठरवावं, असा माझा विचार. माणूस इतका सहज सुधारत नाही.

तिच्या वडिलांचं, हबीबभाईंचं, चंद्रपूर रस्त्यावर ट्रकचं गॅरेज आहे. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमी कलमवाले आहा, मी पान्यावाला. पन मी पूर्ण इंजन खोलून पायल्याबिगर फॉल्ट कोनता, ते सांगत नाही." एवढं बोलून ते ट्रकखाली गेले. मी होतो तोवर बाहेर आले नाहीत.

पुरावा तस्नीमनं दाखवला. पावसाळ्यात लिहिलेली वही, पानापानावर खोडाखोड. रस्ता-पत्ता हे यमक जुळण्याआधी तिनं रस्ता-सुस्ता, रस्ता-हस्ता असं सगळं करून पाहिलं होतं. मग रेकॉर्डिंगची जागा. शुक्रवारी गॅरेज बंद असतं. दुरुस्तीला आलेल्या ट्रकची केबिन आतून गोधड्या लावून बंद करायची आणि आत बसून गायचं. ताल म्हणून कमानपाट्याचा, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्टीचा, तुकडा टांगून त्यावर पाना मारायचा. ट्रक दुरुस्त होऊन गेला की स्टुडिओ गेला. पुढच्या शुक्रवारी दुसरा ट्रक, दुसरा आवाज. सात गाण्यांना सात ट्रक लागले. वणीजवळच्या राजूरच्या एका शाळेच्या ओट्यावर ती पहिल्यांदा लोकांसमोर गायली. ऐकायला अकरा जण होते, त्यातले चार जण शाळेची घंटा होण्याची वाट बघत होते. तरी तिनं सातही गाणी म्हटली.

"मग महागावला गेलं कसं?" मी विचारलं. अजूनही उलटतपासणीच चालू होती माझी.

"मोठी बहीण तिकडंच दिली आहे ना."

शबनम, तिची मोठी बहीण, महागावात ब्लाउज शिवते. मशीनवर बसली की धाकट्या बहिणीची गाणी फोनवर लावून ठेवते. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका थांबतात, ऐकतात, गुणगुणत शेतात जातात. एवढंच. ते गाणंही मुळात शबनमवरचंच, लग्न होऊन लांब गेलेल्या बहिणीला फोन लागत नाही म्हणून लिहिलेलं.

तिथूनच शबनमला फोन लावला, चौथ्यांदा लागला. मी माझे तीन साक्षीदार पुढं केले.

"काका, कोन त्या तिघी?" ती म्हणाली. "शेवंताबाई, तिची पोरगी आन सून. एकाच चुलीवरच्या आहेत."

म्हणजे शेवंताबाईची माय, तिच्या पोरीची आजी आणि सुनेच्या घरची जुनी पद्धत हे एकच माणूस होतं. मी एकाच मेलेल्या बाईला तीनदा साक्षीला उभं केलं होतं.

"पण त्यांनी खोटं का सांगावं?"

"खोटं नाही जी ते. इकडं असंच राह्यते. गानं जीवाले लागलं, की ते मायचं होते. परक्यानं पुसलं तर कोनी टेलरीनबाईच्या फोनमधलं आहे म्हनून सांगंल का?"

हे एम.ए.च्या पेपरात नव्हतं.

शनिवारचा उरलेला सगळा दिवस मी माझ्याविरुद्ध भांडण्यात घालवला. हा अनुभव एकदा घेऊन बघा. मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो आणि टेबलावर हात आपटून म्हणालो, एका बेजबाबदार लेखावरून तुम्ही मुलीचा कार्यक्रम रद्द करताच कसा?

ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच लिहिला ना तो?"

"लिहिणारा कोणी असो. तुम्ही शहानिशा करायची नाही?"

"केली ना. तुम्ही तीन साक्षीदार दिले होते."

मी म्हणालो, असल्या बातमीदारांवर विश्वास ठेवणंच चूक आहे. ते म्हणाले, ते आता आमच्या लक्षात आलंय. अखेर अट ठरली. कार्यक्रम होईल, पण आधी मी मंचावर उभं राहून माझा लेख चुकीचा होता असं सांगायचं. संपादकांनी खुलासा छापायचं कबूल केलं, आतल्या पानावर, 'हरवले आहे'च्या खाली, नखाएवढ्या अक्षरात. मी जाब विचारला की आरोप पहिल्या पानावर आणि खुलासा इथं? ते म्हणाले, ही पद्धत तूच गेली तीस वर्षं वापरतोयस.

पुरावा पक्का असावा म्हणून मी शबनमला गळ घातली, त्या तिघींना घेऊन ये. ती जीप करून पाच बायका घेऊन आली. शेवंताबाई पुढच्या सीटवर.

रविवारी सहा वाजता सभागृह भरलेलं होतं. चोरी करणारी मुलगी कशी दिसते, हे बघायला अर्धं वणी आलं होतं. ते श्रेय माझं, पण कोणी आभार मानले नाहीत. मी मंचावर गेलो, चूक सांगितली, तीन साक्षीदार सांगितले, रूपकही सांगितलं. लोक इतके हसले की पुढची दोन मिनिटं मला बोलता येईना. खाली उतरलो, तर हबीबभाईंनी आपल्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी सरकवली.

मग तस्नीम गायली. पाना कमानपाट्यावर पडला आणि लोक पुढं सरकून बसले. पहिली दोन गाणी लोकांनी तपासून घ्यावीत तशी ऐकली. तिसऱ्याला मागच्या रांगेत कोणीतरी ताल धरला. मग ते गाणं आलं. पहिलं कडवं झालं, तोच पुढच्या रांगेतून शेवंताबाई उभी राहिली.

"पोरी, चुकून राह्यली तू," ती सर्वांना ऐकू येईल असं म्हणाली. "'रेंजचा नाही पत्ता' इथं असं तोडत नाही. येचताना हात लांब जाते, तवा गयाही लांब न्या लागते. आयक."

आणि तिनं म्हणून दाखवलं. तिच्यासोबत चौघी.

झालं, म्हटलं, आता पुन्हा कार्यक्रम बंद. तस्नीम पाना हातात धरून ऐकत राहिली. शबनम रडत होती का हसत होती, ते मला कळलं नाही.

"मावशी, तुमचीच चाल चांगली आहे," तस्नीम म्हणाली. "या वरती. मले शिकवा."

पाचही जणी मंचावर गेल्या. गाणं पुन्हा सुरू झालं, लांबवलेल्या सुरात, आणि या वेळी सभागृहानंही म्हटलं. वर्षभर एका मुलीनं गोधड्यांत कोंडून ठेवलेला आवाज तीनशे माणसांच्या तोंडी होता. मी बघत होतो आणि पहिल्यांदाच मला कोणाचा राग येत नव्हता.

तस्नीमची कडवी संपली. ती थांबली. बायका थांबल्या नाहीत.

पेपरवाला आला बाई, धुऱ्यावर बसला,
पुसून पुसून साऱ्यायले, आपनच फसला.

हशा कसा झाला ते सांगत नाही. हबीबभाई खुर्चीवरून पडायचे राहिले. तस्नीमनं माझ्याकडं बघून दोन्ही हात वर केले, हे माझं नाही.

चहाच्या वेळी मी वही काढली. कडवं कोणाचं? शेवंताबाई म्हणाली, चहात साखर कमी आहे. तिच्या मुलीनं सुनेकडं बोट दाखवलं, सुनेनं मुलीकडं. म्हणून मी शबनमला विचारलं, तू हे पहिल्यांदा ऐकलंस कधी? तिला पक्कं आठवत होतं. बुधवारी सकाळी हुक लावायला एक ब्लाउज आला होता, तेव्हा दुकानातल्या दोघी म्हणत होत्या.

बुधवार. माझा लेख शुक्रवारी छापला. टॉवर कोणत्या कंपनीचा हा प्रश्न शुक्रवारी दुपारी एकला आला. मी फसलो, हे मला शनिवारी कळलं.

मग बुधवारी सकाळी ते कोणाला माहीत होतं, हे मी महागावला दोनदा जाऊन विचारलं आहे. अजून कोणी सांगितलेलं नाही.