चाळीसवरचा काटा

तरुणपणापासून मी अ‍ॅम्बेसिडरशिवाय दुसरी गाडी चालवलेली नाही. पहिली काळी, दुसरी पांढरी आणि आता दारात उभी आहे ती फिकट निळी. अमरावतीत आमच्या गल्लीत लोक मला गाडीवरूनच ओळखतात. दादाचा मुलगा म्हणतो, "काकाजी, आता तरी सोडा तिले. पार्टही भेटत नाहीत." मग शेजारी त्यालाच समजावतात, की भावाची आठवण आहे, राहू दे. मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, मी गहिवरलो.

तसं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गाडी माझ्या मोठ्या भावाने आणि मी मिळून घेतली. चालवायचो मी. दादा मागे डाव्या बाजूला बसायचा, काच चार बोटं खाली करून. पुढे बसलं की त्याचा पाय आपोआप ब्रेक दाबायला जायचा.

एका हिवाळ्याच्या शेवटी गाडी फार तेल खायला लागली, तेव्हा अकोल्याच्या मिस्त्रीकडे इंजिन उघडून, सिलिंडर आतून घासून बोअर करून घेतलं, नवे पिस्टन बसवले. मे महिन्यात गाडी परत देताना मिस्त्री म्हणाला, "साहेब, पयले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका. नव्या सुनेसारखं असते हे. घाई केली का बिघडते."

"तुह्या सुनेले त पाचले उठवतं ना बे?" दादा म्हणाला. मिस्त्रीसुद्धा हसला.

तिथून आम्ही मूर्तिजापूरजवळच्या एका लग्नाला गेलो. वहिनी आदल्या दिवशीच मदतीला गेल्या होत्या. जेवणानंतर दादाच्या छातीत जळजळायला लागलं. "जिलेबी जास्त झाली," म्हणाला, पण सदरा घामाने भिजला होता. मी त्याला मागे बसवलं आणि अमरावतीला निघालो. वहिनी मागाहून येणार होत्या.

भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, समोरचं डांबर पाण्यासारखं हलत होतं. निघतानाच दादा म्हणाला होता, "अबे, हळू घे. आताच बोअर झालं." या वाक्याच्या आडोशाला मी आयुष्य काढलं. त्यानंतरचं वाक्य मात्र कुणाला सांगितलं नाही. रेल्वे फाटकाच्या थोडं अलीकडे तो म्हणाला, "आता जोरात घे."

मी ते स्पष्ट ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तीन महिने गाडी मिस्त्रीकडे पडून होती, आता नवं इंजिन जाम झालं तर काय, एवढंच डोक्यात होतं. पित्त असेल, थोड्या उशिराने काय होतं, असंही वाटलं. काटा चाळीसवरच ठेवला.

फाटक उघडं होतं. रूळ ओलांडताना मागे काचेचं हँडल फिरल्याचा आवाज आला. दवाखान्यापाशी दार उघडलं तेव्हा दादा गेलेला होता. काच चार बोटं खाली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "इतका वेळ का लागला?" माझ्या तोंडून निघालं, "फाटक पडलं होतं." तेव्हापासून आमच्या घरात ते फाटक पडलेलंच आहे. त्या रस्त्याने गेलं की वहिनी त्याला शिव्या द्यायच्या. त्यांचं पाहून मुलगाही द्यायचा.

काळी गाडी विकून टाकली. वर्षभराने वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडून पांढरी आणली. चौथ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर मागची डावी काच चार बोटं खाली. मिस्त्री म्हणाला, आतले दाते झिजले आहेत. नवे बसवले. काच पुन्हा खाली. निळीचंही तेच. बोटं लावून पाहतो, दर वेळी बरोबर चार बसतात. एकदा नवी छोटी गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलो होतो. तिच्या मागच्या सीटवर बसून पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. ते मला सहन झालं नाही. परत आलो.

यंदा एप्रिलात वहिनींना अकोल्याला डोळे दाखवायला नेलं होतं. ऐंशी उलटल्या आहेत, पण मागे बसल्या की उजवीकडेच सरकतात. परतताना दुपार झाली. फाटकाच्या जागी आता उड्डाणपूल आहे. तो दिसल्याबरोबर त्या म्हणाल्या, "गेलं मेलं. पण त्यायले खाऊन गेलं."

मी गाडी कडेला घेतली आणि आरशात न पाहता सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "जोरात घे म्हणाले होते?"

"हो."

"अन् तुमी आयकलं होतं?"

"हो, वहिनी."

"म्हणजे इतकी वर्षं मी एका लोखंडाच्या दांड्याले शिव्या देऊन राहिली, भाऊजी."

त्या रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला. "पोराले मी नाही सांगणार. तुमी लिहून द्या. तुमच्या हातानं." आणि मग, "घ्या आता जोरात."

मी पाय तळापर्यंत दाबला. इंजिन ओरडायला लागलं. पुलाचा चढ होता, आणि गाडीही माझ्यासारखीच म्हातारी. काटा चाळीसवर आला आणि थांबला. उताराला लागलो तरी तिथेच. मागे हँडल फिरल्याचा आवाज झाला. आरशात पाहिलं. वहिनींचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्या आपल्या डावीकडे, रिकाम्या सीटकडे पाहत होत्या.

त्यानंतर त्या या गाडीत बसलेल्या नाहीत.

हे कागद मी पुतण्याच्या हातात देणार आहे. वाचून तो माझ्याशी बोलला नाही, तरी माझी तक्रार नाही. फक्त गाडी विकायला सांगू नये. मागे बसलेल्या माणसाला मी अजून अमरावतीला पोचवलेलं नाही.